शनिवारचा बर्फ

रोहा-पेण एसटीत कमळाकर खिडकीशी बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक कुंडी होती. कुंडीत जे होतं त्याला झाड म्हणावं की झाडाचं मढं, यावर शेजारची बाई आणि कंडक्टर यांच्यात नागोठण्यापर्यंत वाद चालला. बाई म्हणाली, गेलंय. कंडक्टर म्हणाला, मनीप्लांट आहे तो, मनीप्लांट कधी मरतो का? कमळाकर एरवी अर्ध्या गाडीला हसवत जाणारा माणूस, पण आज त्याने तोंड उघडलं नाही. कुंडी त्याने स्वतः मागून घेतली होती, जगवून आणतो असा शब्द देऊन घेतली होती, आणि शब्द देताना एक गोष्ट पोटात ठेवली होती.

कुंडी सारावहिनीची. सारावहिनी म्हणजे एलिजा अष्टमकरची बायको. तिला जाऊन दहा दिवस झाले होते. एलिजा आणि कमळाकर धाटावच्या एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं बरोबर होते. एलिजा फिटर, कमळाकर बॉयलरवर. एलिजा इस्रायली, म्हणजे इथलाच, कोकणातला ज्यू. बापजाद्यांपासून रोह्याचा, बोलणं मराठी, ताटात पापलेट. फक्त शनिवारी त्याचे हात बांधलेले असत. शनिवारी तो कामाला हात लावत नसे, घरात काडीसुद्धा ओढत नसे. नोकरीला लागला तेव्हा सुपरवायझरने या शनिवारावरून आकाशपाताळ एक केलं होतं. पेणहून नवाच आलेला कमळाकर मध्ये पडला. "त्याचा शनिवार माझा, माझे गणपती त्याचे," म्हणाला, आणि विषय मिटला. बत्तीस वर्षांत त्याने एलिजाचा एक शनिवार चुकवला नाही.

आणि मनीप्लांट म्हणाल तर तो एलिजाच्या मुलीने, तामारने, दहा वर्षांची असताना जॅमच्या बाटलीत लावलेला. पोरीचा उत्साह आठ दिवसांत संपला आणि झाड आईच्या गळ्यात पडलं. वहिनीने ते कुंडीत घेतलं, भिंतीला खिळे मारून सुतळ्या बांधल्या आणि खिडकीवरून, घड्याळावरून, सासऱ्यांच्या फोटोवरून फिरवत वेल सगळ्या हॉलभर नेला. तळहाताएवढी पानं. दर शुक्रवारी वहिनी ती ओल्या फडक्याने पुसायची. शेजारणी फांदी मागायच्या. वहिनी चहा द्यायची, पोह्यांचा आग्रह करायची, पण फांदी काही द्यायची नाही. दिली की घरची बरकत जाते म्हणे. तामार लग्न होऊन इस्रायलला, अश्दोदला गेली त्याला पंधरा वर्षं झाली होती. तिथून दर फोनला एकच पालुपद, "आई, येशील तेव्हा आपल्या मनीप्लांटची एक फांदी आण." वहिनी म्हणायची, आणते गो. गुडघ्यांनी तिला अश्दोद काही दाखवलं नाही.

जानेवारीत एका शुक्रवारी पहाटे ती झोपेतच गेली.

शुक्रवारी पहाटे इस्रायली घरात माणूस गेलं तर पुढं काय, याचा विचार करावाच लागत नाही. दुपारपर्यंत मातीला न्यायचं. सूर्य बुडाला की शनिवार लागतो आणि शनिवारी दफन नाही. पण तामारचा फोन आला. रात्रीचं विमान मिळतंय, शनिवारी संध्याकाळी मी घरी असते, माझ्यासाठी थांबा, मला आईचं तोंड बघू द्या. पोर इतकी रडत होती की फोन पलीकडच्या खोलीत ऐकू जात होता. प्रार्थना चालवणारे म्हातारे आरोनकाका म्हणाले, "एलिजा, मातीला थांबवू नये रे. आजच उरकून घे." एलिजाने आयुष्यात आरोनकाकांचा शब्द मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.

थांबायचं म्हणजे रविवारपर्यंत थांबायचं. आदल्या रात्री हायवेला अपघात झाला होता, सरकारी दवाखान्यातली थंड पेटी भरलेली. भाड्याने मिळायची ती काचेची पेटी महाडला गेलेली. कमळाकर बातमी ऐकून पेणहून धावत आला तो दुपारी पोचला आणि आल्याआल्या त्याने सगळं हातात घेतलं. अष्टमी गावच्या मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या. हॉलमध्ये खिडकीखाली, जिथे जागा सापडली तिथे, लोखंडी खाट टाकली, खाटेवर पत्रा, पत्र्यावर लाद्या, मध्ये वहिनी. डोक्याकडच्या लाद्या थेट कुंडीला जाऊन टेकल्या. ती हलवायचं कुणाला सुचलं नाही, वेल भिंतभर बांधलेला होता.

"रविवारपर्यंत टिकली पायजे रे," एलिजा म्हणाला.

कमळाकरचा बाप, आजा, पणजा सगळे पेणच्या खाडीवरच्या मिठागरांत राबले. तो स्वतः विसाव्या वर्षापर्यंत तिथेच पाय फोडून घेत होता. बर्फावर मीठ मारलं की बर्फ जास्त कडक गारठतो हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो बाजारातून जाड्या मिठाचं पोतं घेऊन आला आणि लाद्यांवर मुठीमुठीने मारलं.

शनिवार उजाडला. घरात आठ-दहा पुरुष, सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले. पाळणारी माणसं ती, त्यांच्याकडून काही होणार नव्हतं आणि कमळाकरनेही अपेक्षा धरली नाही. हा शनिवारही त्याचाच. नव्या लाद्या त्यानेच आणल्या, फोडल्या, रचल्या, त्यानेच मीठ मारलं. खाटेखाली पाणी साचायचं ते त्याने घमेल्यात धरलं. आता घमेलं भरलं की ओतायचं कुठं? ओटीवर बायका दाटीने बसल्या होत्या. प्रेताखालचं पाणी त्यांच्यामधून न्यायचं त्याला धाडस होईना. मोरीवर शेजारणी चहाचे कप विसळत होत्या. त्याने इकडंतिकडं पाहिलं आणि घमेलं कुंडीत रिकामं केलं. वहिनीचंच झाड, त्यात काय बिघडलं? असं दिवसभरात पाच वेळा केलं.

चार वाजता तामारचा फोन आला; शनिवार म्हणून तो कमळाकरने उचलला आणि एलिजाच्या कानाशी धरला. तिकडे पुन्हा काहीतरी पेटलं होतं, रात्रभर विमानतळावर बसवून विमान रद्द केलं होतं. दुसरं कधी मिळेल सांगता येत नव्हतं. बोलणं संपलं आणि एलिजा भिंतीकडे तोंड करून बसला.

रविवारी सकाळी आंघोळ घालायला बायका आत गेल्या. बाहेर आल्या त्या एकमेकींकडे न बघता. वहिनीचा एक गाल जिथे लादीला टेकला होता तिथे काळानिळा पडला होता आणि कातडं ओढलं गेलं होतं. कमळाकरने ते शनिवारीच पाहिलं होतं. खांदा देताना त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

त्या गालापुढे तो कुंडी विसरूनच गेला होता; दहा दिवसांनी भेटायला गेला तेव्हा हॉलमधला वेल बघून तो उंबऱ्यातच थबकला. खालची पानं काळी पडून शिजवलेल्या भाजीसारखी लोंबत होती. वरची पिवळी, कडेने जळाल्यासारखी. एलिजा दुखवट्याचे सात दिवस जमिनीवर बसून उठला होता, दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

"थंडी बसली रे त्याला," एलिजा म्हणाला. "लाद्या टेकल्या होत्या. कुणाच्या ध्यानातच नाय आलं."

"येईल परत. मनीप्लांट हाय तो."

"तामारला तिकीट मिळालंय. महिन्याच्या प्रार्थनेला येतेय. आईचं तोंड नाय बघायला मिळालं तिला, कमळाकर. आता म्हणते, पप्पा, दुसरं काही नको, सोनं नको, साड्या नकोत, मला फक्त त्या झाडाची एक फांदी न्यायचीय. तिच्या हाताचं जिवंत असं तेवढंच राहिलंय घरात." एलिजाने एक पान हातात घेतलं ते देठासकट निघून आलं. "एक फांदी नाय देता आली मला, तर मी काय तोंड दाखवू पोरीला?"

"मी नेतो. मी जगवतो," कमळाकर बोलून गेला.

घमेल्यांचं त्याने सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या बायकोच्या अंगाखालचं पाणी मी गुपचूप कुंडीत ओतलं? ऐकायलाही कसंतरी वाटलं असतं. आणि मिठाचं म्हणाल तर ते त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. मिठागरात जन्म गेलेल्या माणसाच्या मनात येऊ नये, याचं आश्चर्य वाटेल. पण ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्याकडे माणूस वळून बघत नाही, आणि त्या पाण्याकडे कमळाकरने तेव्हापासून वळून बघितलंच नव्हतं.

सुतळ्या सोडून, वेलाचा गुंडाळा करून त्याने कुंडी एसटीत घातली. वाटेत गडब गावाला उतरला. तिथे हायवेच्या कडेला हर्षदची नर्सरी आहे. हर्षद कृषी पदविका घेतलेला मुलगा, डोलवीच्या प्लांटवर चार वर्षं कंत्राटात राबून कंटाळला आणि रोपं विकायला लागला. गुलाबापासून नारळापर्यंत सगळ्यांची दुखणी त्याला कळतात.

हर्षदने पान चुरगळून बघितलं, खोड दाबलं. "काय झालं हिला?"

"थंडी लागली. बर्फाजवळ होती."

"बर्फ? नुसताच जवळ होता? बाकी काय घातलंबितलं नाय ना?"

हर्षदने विचारलं ते असं सरळ विचारलं होतं. कमळाकरने खालच्या मानेनं सांगितलं, "नाय. नुसता जवळ होता."

"मग ऐका काका. सडलेलं सगळं छाटा. ऊब द्या, पण उन्हात ठेवू नका. खत नको. आणि पाणी अगदी बेतानं. थंडी बसलेल्या झाडाचं मूळ पाणी ओढत नाय, पाणी घातलंत तर कुजेल. वरची माती खडखडीत वाळल्याशिवाय थेंब घालायचा नाय. पंधरा दिवस नाय दिलं तरी चालेल." वर त्याने त्यातल्या त्यात बऱ्या तीन फांद्या कापून दिल्या. "ह्या बाटलीत लावा. मूळ फुटलं तर तेवढंच पुरे."

पेणला रामवाडीच्या घरी कमळाकरने कुंडीची जी बडदास्त ठेवली ती बघून त्याची बायको इंदुबाई चकित झाली. दिवसा कुंडी स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याशेजारी. संध्याकाळी वारा सुटला की खिडकी बंद. पहाटे धुकं पडतं म्हणून कुंडीभोवती गोणपाट.

"घोंगडी पण पांघरा तिला," इंदुबाई म्हणाली. "माज्या गुडघ्यांना कधी असा शेक दिला नाय तुमी."

"गप गो. वहिनीचं झाड हाय."

"ठावं हाय मला. म्हणून तर काय बोलत नाय."

बोलत मात्र ती होती, आणि हाताने मदतही करत होती. तीच रोज बोट खुपसून माती वाळली का बघायची. पाणी द्यायचं नाही हे दोघांनी इतकं मनावर घेतलं की भांडी धुताना उडालेले थेंबसुद्धा इंदुबाई पदराने पुसायची. बाटलीतल्या फांद्या चौथ्या दिवशी बुळबुळीत झाल्या, पाण्याला वास सुटला. कमळाकरने त्या मागच्या दारी टाकल्या आणि एलिजाला फोनवर सांगितलं, "खोड हिरवं हाय अजून. मुळातून फुटेल." एलिजाने फोनवरच हुश्श केलं. "तुझ्यावर सोडलंय रे मी," म्हणाला.

रोज संध्याकाळी एलिजाचा फोन यायचा. फुटला का? कमळाकर म्हणायचा, फुटेल. एके दिवशी एलिजा म्हणाला, "तामारने तिथं खिडकीत जागा करून ठेवलीय. फोटो पाठवला. नवी कुंडी आणलीय, निळी." त्या रात्री कमळाकर नीट जेवला नाही.

तामार यायला सहा दिवस उरले होते, त्या सकाळी ऊन स्वयंपाकघरात तिरपं आलं आणि कमळाकरला कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरं दिसलं. मातीची कुंडी, काठापासून बोटभर खाली पांढरा पट्टा आलेला. वाळलेल्या मातीवरही पांढरी साय धरली होती. इंदुबाईला वाटलं बुरशी. कमळाकरला अंदाज करायची गरज नव्हती; असा पट्टा त्याने लहानपणी मिठाच्या प्रत्येक वाफ्याच्या कडेला पाहिला होता. त्याने नखाने खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

तो तिथेच खाली बसला.

"काय झालं?" इंदुबाई म्हणाली. "अवो, माती काय खाता?"

"मीठ हाय," कमळाकर म्हणाला. "माझंच हाय."

मग त्याने सगळं सांगितलं. पाच घमेली. बर्फावर मारलेलं पोतं. हर्षदशी बोललेलं खोटं. थंडी बसलेल्या झाडाला पाणी तोडतात हे खरं, पण खारवलेल्याला पाणी तोडणं म्हणजे त्याचा गळा आवळणं, हे पेणच्या खारपट्ट्यात शेंबडं पोर सांगेल. बांधाला खांड जाऊन भातशेतात खाडीचं पाणी शिरलं की पहिलं काम काय करायचं? गोड्या पाण्याने शेत धुवायचं, पुन्हा पुन्हा धुवायचं. कमळाकरने स्वतः बापाबरोबर धुतलेलं होतं. आणि इथे त्याने पंधरा दिवस कुंडी मिठात कोंडून वाळवली होती, थेंबसुद्धा लागू दिला नव्हता. हर्षदने विचारलं तेव्हा एक वाक्य खरं बोलला असता तर त्याने त्याच दिवशी कुंडी नळाखाली धरली असती. झाड थंडीने पडलं असेलही, पण मारलं ते कमळाकरच्या लाजेने. त्याला स्वतःचा इतका संताप आला की त्याने कपाळावर हात मारून घेतला, दोनदा.

त्या दिवशी दोघांनी मिळून कुंडी धुतली. बादलीमागून बादली. खालच्या भोकातून पाणी जायचं, कमळाकर चाखून बघायचा, पुन्हा ओतायचा. अकराव्या बादलीला पाणी गोडं आलं. माती सैल झाली आणि खोड आपोआप कलंडलं. खाली मूळ नव्हतंच, तपकिरी लगदा होता. सगळा वेल बोटाबोटाने दाबत इंदुबाईने एक पेर शोधून काढलं, करंगळीएवढं, घट्ट, हिरवं. ते ओल्या वाळूत लावलं.

"नायतर एक करा," ती म्हणाली. "त्या बँकेच्या दारात केवढा मोठा मनीप्लांट हाय. तसंच पान. एक फांदी घ्या. कुणाला कळतंय?"

कमळाकरने तिला दटावलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप गडबला गेला. हर्षदकडे ओळीने मनीप्लांट टांगलेले होते. त्याने एक उतरवला, पान उलटून बघितलं. तसंच होतं, अगदी तसंच. हर्षद कागदात गुंडाळायलाही लागला. मग कमळाकरच्या डोळ्यांसमोर ती निळी कुंडी आली. पोर हे अश्दोदला नेईल, दर शुक्रवारी ओल्या फडक्याने पुसेल, आपल्या पोरांना सांगेल ही तुमची आजी. जन्मभर. "राहू दे," तो म्हणाला आणि रिकाम्या हाताने परत आला.

पेर पाच दिवस हिरवं राहिलं. तामार येणार त्या दिवशी पहाटे त्याने दाबलं तर आत मऊ लागलं.

सकाळी नवाच्या सुमाराला तो रोह्याला एलिजाच्या दारात उभा राहिला. तामारची गाडी मुंबईहून दुपारी पोचणार होती. हॉल झाडून पुसून ठेवला होता. भिंतीवर नुसते खिळे आणि सुतळ्या होत्या, त्या एलिजाने काढल्या नव्हत्या.

कमळाकरने आत येऊन सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच.

"किती घमेली?" एलिजाने विचारलं.

"पाच."

"मीठ कशाला आणलंस तू?"

"तूच म्हणालास, रविवारपर्यंत टिकली पायजे."

"म्हणालो खरा." एलिजा खुर्चीत बसला. कमळाकरला वाटलं, शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण एलिजा म्हणाला ते भलतंच. "कमळाकर, तिला बर्फाचं ठाऊक नाय."

"म्हंजे?"

"मी तिला सांगितलंय, दवाखान्यातल्या पेटीत होती. काचेच्या. एकदम स्वच्छ. तिने शंभरदा विचारलं, आई कशी दिसत होती. काय सांगणार होतो? तुझ्यासाठी दोन दिवस मासळीच्या बर्फात ठेवली, गाल जाळला तिचा, आणि तू आलीच नाय?" एलिजाने त्याचं मनगट धरलं. "तिला हे कळलं तर ती स्वतःला जन्मात माफ करायची नाय. झाडाचं काय ते तू बघ. पण बर्फाचं नाव काढू नकोस. माझी शपथ हाय तुला."

कमळाकरने मान हलवली.

तामार साडेबाराला आली. चाळिशीची बाई, केसांत पांढरं आलेलं, डोळे सुजलेले. बापाच्या गळ्यात पडून रडली, कमळाकरच्या पाया पडली. मग डोळे पुसत ती हॉलमध्ये वळली आणि तिची नजर त्या खिळ्यांवर गेली.

"पप्पा, झाड?"

एलिजाने कमळाकरकडे बघितलं. नुसतं बघितलं. कमळाकरला कळलं की आता उत्तर आपलंच आहे, आणि जे खरं आहे त्यातलं एक अक्षरही चालणार नाही. बर्फ नाही तर थंडी नाही, थंडी नाही तर मीठ नाही. मग झाड मेलं कशानं?

"माझ्याकडे होतं, पोरी," तो म्हणाला. "मी हौसेनं नेलं होतं. मग आमच्यात एक लग्न निघालं. आठ दिवस घर बंद. पाणी द्यायचं राहूनच गेलं."

"लग्न?" तामारला आधी कळलंच नाही. मग कळलं. "आईला महिनासुद्धा व्हायच्या आत, काका? तुम्ही लग्नाला गेलात? आणि तिचं झाड वाळवलंत?"

"व्हय. चुकलं."

"तीस वर्षं तिने ते वाढवलं. तुम्हाला एक तांब्या पाणी कुणाला घालायला सांगता नाही आलं?" ती बापाकडे वळली. "पप्पा, तुम्ही दिलंत कशाला ह्यांच्याकडे?"

एलिजाने मान वर केली नाही. "माझीच चूक झाली," तो म्हणाला. "नाय द्यायला पायजे होतं ह्याच्याकडे."

तो हे कुणासाठी बोलला ते कमळाकरला पुरतं कळत होतं. आपण एलिजाच्या जागी असतो तर आपणही हेच बोललो असतो, हेही कळत होतं. तरी जिव्हारी लागलं. बत्तीस वर्षांत एलिजाने त्याला कुणासमोर कमी केलं नव्हतं.

तीन वाजता आरोनकाका आणि मंडळी आली. प्रार्थना झाली, मलिद्याची, म्हणजे गोड पोहे आणि फळांची, ताटं फिरली. कमळाकर ओटीवर बसून होता. त्याला ताट शेजारच्या बाईने आणून दिलं. त्याने गोड पोह्यांचा एक घास खाल्ला, बाकीचं कागदात बांधून घेतलं आणि चपला घातल्या. एलिजा आत माणसांत बसलेला होता, उठून आला नाही.

फाटकापाशी मागून हाक आली. तामार होती, एकटीच.

"काका, एक विचारू?" तिचा राग उतरलेला नव्हता, पण आवाज खाली आला होता. "तुम्ही होतात ना इथे, तिन्ही दिवस? पप्पा काही नीट सांगत नाहीत. पेटीत आई… तुम्ही बघितलंत तिला? तोंड कसं होतं तिचं?"

कमळाकरने त्या तोंडाशेजारी दोन दिवस लाद्या रचल्या होत्या. मीठ मारताना तिच्या पापण्यांवर खडे उडाले तेव्हा ते बोटाने टिपले होते.

"बघितलं ना," तो म्हणाला. "काचेत होती. एक डाग नव्हता गो तोंडावर. हसल्यासारखी दिसत होती."

तामारने डोळे मिटले आणि फाटकाला धरलं. मग तिने नाक पुसलं.

"निदान तेवढं तरी नीट झालं तुमच्याकडून," ती म्हणाली आणि आत गेली.

कमळाकर स्टँडवर गेला आणि साडेचारच्या पेण गाडीत बसला.